साखळीतले गंधक

मालवण तालुक्यातील कालावलच्या खाडीतून आणलेल्या चिखलापासून मी जे काम सुरू केले, ते दोन वर्षांनी दुधी रंगाच्या एका पातळ पापुद्र्यापाशी येऊन थांबले. तो पापुद्रा जिवाणूंनी तयार केलेल्या बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा होता आणि त्यात गंधक होते. मात्र ते गंधक बहुवारिकाच्या साखळीत गुंफलेले आहे की केवळ बाहेरून चिकटलेले आहे, हे ठरवण्यातच माझा बराच वेळ गेला. येथे मी मुख्यतः त्याच प्रश्नाविषयी लिहिणार आहे.

पार्श्वभूमी थोडी सांगावी लागेल. माणसाच्या शरीरात चरबी साठते, तसे अनेक जिवाणू अन्न मुबलक आणि नत्र अपुरे असताना जादा कार्बन एका बहुवारिकाच्या रूपात, पेशीच्या आत बारीक कणांमध्ये साठवून ठेवतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेमॉन्य यांनी १९२६ मध्ये बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत हा पदार्थ ओळखला, आणि पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट किंवा थोडक्यात पीएचबी या नावाने तो आज ओळखला जातो. त्याच्या साखळीतील एकेक घटक, म्हणजे एकेक मणी, दुसऱ्या मण्याला प्राणवायूच्या अणूमार्फत जोडलेला असतो. २००१ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात टीना ल्युटके-एव्हर्सलोह, अलेक्झांडर श्टाइनब्युखेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की पीएचबी साठवणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूला ३-मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्ल किंवा ३,३'-थायोडायप्रोपिऑनिक आम्ल दिले, तर काही मणी प्राणवायूऐवजी गंधकाच्या अणूने जोडले जातात. प्राणवायूच्या जोडाला एस्टर म्हणतात आणि गंधकाच्या जोडाला थायोएस्टर, म्हणून या नव्या वर्गाला पॉलिथायोएस्टर हे नाव मिळाले.

हे शक्य कसे होते, हे मला प्रथम समजले त्या दिवसाचा आनंद अजून ताजा आहे. साखळी विणणारे विकर, म्हणजे एन्झाइम, प्रत्येक मणी कोएन्झाइम-ए या वाहकाकडून घेते. वाहकाशी मण्याचा बंध थायोएस्टरचाच असतो, आणि विकराच्या क्रियाकेंद्रातही सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधकच मण्याला धरून ठेवते. म्हणजे साधे पीएचबी तयार होत असतानाही मणी एका गंधकाकडून दुसऱ्या गंधकाकडे दिला जातो आणि शेवटी प्राणवायूच्या हाती सोपवला जातो. मण्याच्या तिसऱ्या कार्बनवर प्राणवायूऐवजी गंधक असेल, तर विकर तो मणी नाकारत नाही आणि ते गंधक कायमचे साखळीत राहते. विकराच्या या उदारपणावरच हा सगळा विषय उभा आहे.

यात कोकणच्या खाडीचा संबंध कोठे येतो, असे मला संशोधन समितीपुढे विचारण्यात आले होते. ३-मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्ल ही केवळ रसायनांच्या बाटलीतील वस्तू नाही. समुद्रातील शेवाळे खारेपणा सोसण्यासाठी डीएमएसपी नावाचे गंधकयुक्त संयुग पेशीत बाळगतात; ते संयुग प्राणवायू नसलेल्या किनारी गाळात जिवाणूंकडून विघटित होताना हेच आम्ल तयार होते, आणि गाळातील हायड्रोजन सल्फाइड ॲक्रिलिक आम्लाशी जोडला गेल्यानेही ते तयार होते, हे १९८७ आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून पुढे आले आहे. तिवरांच्या मुळाशी असलेल्या काळ्या चिखलाला कुजलेल्या अंड्याचा वास येतो, तो या हायड्रोजन सल्फाइडचाच. ज्या चिखलात हे आम्ल निसर्गतः तयार होऊ शकते, तेथील एखाद्या जिवाणूला ते हाताळण्याची सवय असेल आणि तो जिवाणू कदाचित ते आपल्या साखळीतही घालत असेल, अशी माझी अटकळ होती.

कांदळवन संरक्षित असल्यामुळे वन विभागाची लेखी परवानगी मिळेपर्यंत थांबावे लागले. त्यानंतर डिसेंबरातील एका सकाळी आमच्या ओळखीच्या एका तांडेलकाकांच्या होडीतून मी खाडीत गेले. गड नदी जेथे समुद्राला मिळते, त्याच्या थोडे आत, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या काठावर आम्ही उतरलो. मी निर्जंतुक केलेल्या नळ्या चिखलात दाबत असताना काका बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, “बाये, ह्या चिखलात काय गावतला तुका?” मी म्हटले, “काका, यात असे जिवाणू आहेत की जे पोटात प्लॅस्टिकसारखी वस्तू साठवतात.” त्यांनी नळीकडे नीट पाहिले आणि एवढेच म्हणाले, “मगे आमच्यापेक्षा ते शाने.”

चिखलातील जिवाणूंचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण त्यात यश आले नाही. समुद्राच्या पाण्याइतके मीठ, भरपूर शर्करा आणि अगदी थोडे नत्र असलेल्या अगारवर नाइल रेड हा रंग घालून मी वसाहती वाढवल्या. अतिनील प्रकाशाखाली ज्या वसाहती नारिंगी चमकतात, त्यांत बहुवारिक असण्याचा संभव असतो. त्या उचलून सुदान ब्लॅक रंगाने तपासल्या की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतले काळे कण स्पष्ट दिसतात. अशा पाच वसाहती मी शुद्ध केल्या. पाचही साधे पीएचबी किंवा त्याच्या जवळचा पदार्थ तयार करीत होत्या, पण थायोडायप्रोपिऑनिक आम्ल दिल्यावर त्यांतील दोन वाढल्याच नाहीत आणि उरलेल्या तिघांच्या स्वच्छ केलेल्या पापुद्र्यात गंधक आढळले नाही. माझी अटकळ चुकीची होती असे यावरून सिद्ध होत नाही, कारण चमच्याभर चिखलात जे असते त्यातील फार थोडे जिवाणू थाळीवर वाढतात. तरी हातात जे होते त्यातून पुढे जाणे शक्य नव्हते.

म्हणून मी चंडीगढच्या सूक्ष्मजीव संग्रहातून कुप्रियाव्हिडस नेकेटर हा जिवाणू मागवला. म्युन्स्टरच्या प्रयोगात हाच जिवाणू वापरला होता, फक्त तेव्हा त्याचे नाव राल्स्टोनिया युट्रोफा असे होते, त्याआधी अल्कॅलिजीन्स युट्रोफस आणि त्याही आधी हायड्रोजिनोमोनास युट्रोफा. या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही चारही नावे लिहून ठेवावीत, अन्यथा जुने निबंध शोधताना निम्मे हातातून निसटतात. अनुकूल परिस्थितीत हा जिवाणू आपल्या कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पीएचबी साठवू शकतो.

कार्बनचा स्रोत म्हणून शुद्ध फ्रुक्टोज वापरणे सोपे होते, पण ते महाग पडत होते आणि आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागांतून बोंडांचा सडा पडलेला असतो. बी काढून घेतली की बोंड झाडाखालीच कुजते. त्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात. मी घरच्या बागेतली बोंडे पिळून रस काढला. त्यातील टॅनिनमुळे जिवाणूंची वाढ अडते, म्हणून जिलेटिन घालून टॅनिनचा साका खाली बसवला आणि वरचा निवळ रस गाळून घेतला. पहिल्या तीन फ्लास्कमध्ये वाढ उत्तम झाली, मात्र ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्रच मोजणारी क्षपणक शर्करेची नेहमीची चाचणी घेतली तेव्हा दोन दिवसांत साधारण निम्मी शर्करा संपून उरलेली जशीच्या तशी राहिल्याचे दिसले. मी प्रथम प्राणवायू कमी पडतो आहे असे समजून फ्लास्क हलवणाऱ्या शेकरचा वेग वाढवला, नंतर आम्लता दुरुस्त केली, पण काहीच फरक पडला नाही. अखेर गावातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतून रक्तातील साखर मोजण्याचा ग्लुकोज ऑक्सिडेजचा संच आणला, जो फक्त ग्लुकोजच मोजतो, आणि लक्षात आले की ग्लुकोजला जिवाणूने स्पर्शही केलेला नाही. या जिवाणूचा मूळ वाण फ्रुक्टोज खातो, ग्लुकोनेट खातो, पण ग्लुकोज खात नाही. हे मी वाचलेले होते आणि तरीही प्रयोगाच्या वेळी आठवले नव्हते. दुसरी अडचण अशी की रसात अमिनो आम्लांच्या रूपात नत्र असते आणि आपण तर नत्र अपुरे ठेवू पाहत असतो. यावर मी असा मार्ग काढला की रसावर फक्त जिवाणूंची संख्या वाढवायची, मग पेशी सेंट्रिफ्यूजने वेगळ्या करून धुवायच्या आणि नत्र नसलेल्या खनिज माध्यमात, शुद्ध फ्रुक्टोजवर, साठवणीसाठी ठेवायच्या. अशाने महागडे फ्रुक्टोज दुसऱ्या टप्प्यापुरतेच लागते.

थायोडायप्रोपिऑनिक आम्ल याच दुसऱ्या टप्प्यात द्यायचे असते. ते पांढरे, जवळजवळ वास नसलेले स्फटिक असतात, आणि यामुळेच मी तीव्र दुर्गंधीच्या मर्कॅप्टो आम्लाऐवजी त्याची निवड केली. त्या रेणूत मध्यभागी एक गंधक आणि दोन्ही बाजूंना प्रोपिऑनिक आम्लाची एकेक शेपटी असते. जिवाणूने गंधकाची एक बाजू तोडली की ३-मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्ल मोकळे होते. सोडियम हायड्रॉक्साइडने त्याची आम्लता उदासीन करून, सूक्ष्म गाळणीतून गाळून, ते थोडे थोडे घालावे लागते. एकदम घातले तर जिवाणू मंदावतात.

७२ तासांनी पेशी वेगळ्या करून वाळवल्या, क्लोरोफॉर्ममध्ये उकळल्या, गाळलेले द्रावण थंड इथेनॉलमध्ये ओतले आणि तळाशी पांढरे तंतू बसले. ते पुन्हा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेच्या थाळीत पसरले आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रा सोलून काढला. त्याचा अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट काढला; त्यात प्रत्येक प्रकारचा रासायनिक बंध ठरावीक ठिकाणी शिखर दाखवतो. पीएचबीच्या कार्बोनिलचे, म्हणजे कार्बन-प्राणवायूच्या दुहेरी बंधाचे, ठळक शिखर १७२५ सेंमी⁻¹ च्या आसपास आले आणि त्याच्या उताराला, १६९० च्या जवळ, एक खांदा स्पष्ट दिसला. थायोएस्टरचे कार्बोनिल तेथेच येते. मूलद्रव्य विश्लेषणासाठी पाठवलेल्या नमुन्यातही गंधक सापडले. मी मार्गदर्शक मॅडमना त्याच संध्याकाळी फोन केला आणि साखळीत गंधक गेले असे सांगितले.

मॅडमनी अभिनंदन केले नाही. त्यांनी विचारले, “तू दिलेल्या आम्लाचा स्वतःचा वर्णपट काढलास का?” मी काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी काढला, तेव्हा थायोडायप्रोपिऑनिक आम्लाच्या कार्बोक्झिल गटाचे शिखरही जवळजवळ त्याच ठिकाणी आले. म्हणजे मी जो खांदा थायोएस्टरचा समजत होते, तो पापुद्र्यात अडकून राहिलेल्या मूळ आम्लाचा असू शकत होता, आणि मूलद्रव्य विश्लेषणातील गंधकही त्याचेच असू शकत होते. शिवाय पेशीतील प्रथिनांचे अंश पापुद्र्यात राहिले असतील, तर मेथिऑनिन आणि सिस्टीन यांचे गंधकही त्या आकड्यात मिसळलेले असणार. माझ्याजवळ तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले गंधक होते आणि ते वेगळे करून दाखवणारी एकही चाचणी मी केलेली नव्हती.

पुढचे चार महिने हे तिन्ही स्रोत वेगळे करण्यात गेले, आणि माझ्या मते या कामाचा खरा अभ्यास तेथेच झाला. प्रथम मी नियंत्रण नमुना तयार केला: आम्ल न देता वाढवलेल्या पेशींतून साधे पीएचबी काढले, त्याच्या क्लोरोफॉर्म द्रावणात मुद्दाम थायोडायप्रोपिऑनिक आम्ल मिसळले आणि पापुद्रा केला. त्यात तोच खांदा दिसला. मग दोन्ही पापुद्रे, खरा आणि मुद्दाम भेसळ केलेला, एकाच पद्धतीने स्वच्छ करत गेले. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचे, थंड इथेनॉलमध्ये साका पाडायचा, गरम मेथॅनॉलने धुवायचे, पुन्हा विरघळवायचे. भेसळीच्या पापुद्र्यातला खांदा तिसऱ्या फेरीनंतर नाहीसा झाला. खऱ्या पापुद्र्यातला पहिल्या दोन फेऱ्यांत निम्म्याहून कमी झाला, पण पाचव्या फेरीनंतरही जेवढा होता तेवढाच टिकून राहिला. १६५० आणि १५४० जवळची प्रथिनांची शिखरे तोपर्यंत दोन्हींतून गेली होती. याचा अर्थ असा की पहिल्या पापुद्र्यातील गंधकाचा बराचसा भाग खरोखरच चिकटलेला होता आणि मी तो फोन घाईने केला होता. परंतु एक छोटा भाग असा होता की जो धुण्याने जात नव्हता.

हे सगळे भर पावसाळ्यात चालले होते. आमच्याकडे जुलैत वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि शेकर थांबला की फ्लास्कमधल्या पेशी प्राणवायूविना राहतात. अशा खंडित झालेल्या दोन तुकड्या मी टाकून दिल्या, कारण साठवणीच्या टप्प्यात प्राणवायू किती वेळ नव्हता हे माहीत नसताना त्या आकड्यांची तुलना करणे योग्य नव्हते. तिसऱ्या वेळी महाविद्यालयाच्या कार्यालयातील इन्व्हर्टरवर शेकर चालवण्याची परवानगी मिळाली आणि ती तुकडी पूर्ण झाली.

निर्णायक पुरावा मुंबईहून आला. स्वच्छ केलेला पापुद्रा ड्यूटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पवईच्या आयआयटीतील विश्लेषण सुविधा केंद्रात कार्बन-१३ एनएमआरसाठी दिला; या चाचणीत प्रत्येक कार्बन अणू कशाशी जोडलेला आहे त्यानुसार पीपीएमच्या मोजपट्टीवर त्याचे शिखर वेगळ्या जागी येते. पीएचबीच्या एस्टरचा कार्बोनिल कार्बन १६९ पीपीएमला येतो. थायोएस्टरचा कार्बोनिल त्यापासून बराच दूर, १९७ च्या आसपास येतो, आणि कार्बोक्झिल आम्लाचे शिखर तेथे येऊच शकत नाही. अवरक्त वर्णपटात जे दोन संशयित एकाच जागी उभे होते, ते येथे एकमेकांपासून लांब जातात. नमुन्यात गंधकाचे मणी थोडे असल्यामुळे मोजणी रात्रभर चालवावी लागली. सकाळी कागद हातात आला, त्यावर १६९ चे उंच शिखर होते आणि १९७ ला, पार्श्वभूमीच्या खरखरीतून निश्चितपणे वर आलेले, एक लहान शिखर होते. परतीच्या गाडीत, रोह्यापासून कणकवलीपर्यंत, मी तो कागद कितीदा उघडून पाहिला ते सांगता येणार नाही.

या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. माझे बहुवारिक हे मिश्र बहुवारिक आहे. त्यात बहुतांश मणी पीएचबीचे आणि थोडे गंधकाचे. संपूर्ण साखळी गंधकाच्या मण्यांचीच हवी असेल, तर कुप्रियाव्हिडस उपयोगी पडत नाही, कारण तो स्वतःचे पीएचबीचे मणी घातल्याशिवाय राहत नाही. म्युन्स्टरच्याच गटाने २००२ मध्ये इ. कोलाय या जिवाणूत क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम या जिवाणूची दोन विकरे आणि थायोकॅप्सा फेनिगाय या जांभळ्या गंधक-जिवाणूचे साखळी विणणारे विकर एकत्र घालून तशी शुद्ध साखळी मिळवली. इ. कोलाय स्वतः पीएचबी करत नसल्यामुळे त्यात मिसळणारे दुसरे मणीच नसतात. ते बहुवारिक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही, म्हणून त्यांनी उलटा मार्ग घेतला: एसडीएस या साबणासारख्या द्रव्याने पेशीचा बाकी सर्व भाग विरघळवून बहुवारिक मागे ठेवले. मला ही युक्ती विशेष आवडते, कारण तिच्यात विषारी द्रावक लागत नाही. जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंवर काम करण्याची सोय आमच्याकडे नसल्याने मी त्या वाटेला गेले नाही.

याच शुद्ध साखळीबाबत पुढे एक गोष्ट दिसून आली, जी ‘जैव’ हा शब्द ऐकून समाधान मानणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी असे मला तळमळीने वाटते. पीएचबी तोडणारी विकरे मातीत आणि पाण्यात सर्वत्र असतात, पण ती प्राणवायूचा जोडच तोडतात. गंधकाचा जोड त्यांना तुटत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या माती-पाण्यात ठेवूनही ही शुद्ध साखळी, म्हणजे पॉली-३-मर्कॅप्टोप्रोपिऑनेट, कुजल्याचे आढळले नाही, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशीच्या आत कोएन्झाइम-ए शी असलेला हाच थायोएस्टर बंध देवाणघेवाणीला सर्वांत तत्पर समजला जातो, आणि तोच साखळीत गेला की बाहेरच्या जगात त्याला कोणी हात लावत नाही. जिवाणूने तयार केलेली वस्तू जिवाणू खातीलच असे नसते. मिश्र बहुवारिक मात्र तोडणारे जिवाणू सापडले आहेत. उष्णताप्रिय श्लेगेलेला थर्मोडीपॉलिमरान्स हा त्यांपैकीच एक, त्याचे वर्णन २००३ मध्ये झाले.

मग माझे मिश्र बहुवारिक आमच्या खाडीत कुजेल का, हे पाहणे ओघानेच आले. सारख्या आकाराचे आणि आधी वजन केलेले पीएचबीचे सहा आणि मिश्र बहुवारिकाचे सहा तुकडे मी बारीक जाळीच्या पिशव्यांत घातले आणि ज्या काठावरून पहिला चिखल घेतला होता, तेथेच, हातभर खोल पुरले. पिशव्या बांधायला काकांनी जुन्या जाळ्याचा दोर दिला. दोर बांधता बांधता ते म्हणाले, “आमच्या बापाशीचा सुताचा जाळा कुसायचा. ह्या नायलॉनाचा कायएक कुसना नाय, म्हणान तर ता परवाडता.” माझ्या पिशवीतील तुकड्याने कुजावे अशी माझी इच्छा होती आणि त्यांच्या जाळ्याने कुजू नये अशी त्यांची, एकाच खाडीत या दोन्ही गरजा खऱ्या आहेत, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले. न कुजणारे जैव बहुवारिक म्हणजे सरसकट अपयश असे मी तोपर्यंत मानत होते. आता मी म्हणते की ते कोठे वापरायचे हे आधी ठरले पाहिजे, आणि त्यावर ‘कुजते’ अशी चिठ्ठी लावता कामा नये.

तीन महिन्यांनी पहिल्या चार पिशव्या वर काढल्या. पीएचबीचे तुकडे खडबडीत आणि भोके पडलेले होते. एक तर हातात घेताच तुटला. मिश्र बहुवारिकाच्या तुकड्यांची चमक गेली होती आणि पृष्ठभागावर बारीक खळगे पडले होते, पण त्यांचा आकार शाबूत होता आणि वजनातील घट पीएचबीच्या मानाने कमी होती. ते धुऊन, वाळवून पुन्हा अवरक्त वर्णपट काढला, तेव्हा १६९० चा खांदा मुख्य शिखराच्या तुलनेत पूर्वीपेक्षा ठळक झालेला दिसला. प्राणवायूच्या जोडांचा भाग खाल्ला जात आहे आणि गंधकाचे जोड मागे राहत आहेत, असा त्याचा अर्थ लागतो. मात्र चार तुकड्यांवरून, त्यांतही मिश्र बहुवारिकाच्या दोनच, मी तो निश्चित म्हणणार नाही. या वेळी चिखलातून काही शोषले गेले नसावे याची खात्री करण्यासाठी त्याच चिखलात ठेवलेल्या कोऱ्या काचपट्टीवरचा थरही खरवडून तपासला आणि त्यात तो खांदा नव्हता. मॅडमनी विचारण्याआधीच मी ते केले होते.

उरलेल्या आठ पिशव्या अजून खाडीत आहेत. त्यांतील चार दिवाळीनंतरच्या मोठ्या ओहोटीला वर काढायच्या आहेत आणि चार पुढच्या वर्षी, काजूची बोंडे पडायला लागली की.